‘टू फोर झीरो झीरो’ : इंग्रजी अंक आणि चिन्हे तोंडाने वाचण्याचा इतिहास

१९ फेब्रुवारी १९८९ची पहाट. सिंगापूरहून निघालेले फ्लाइंग टायगर लाइन्सचे ६६ क्रमांकाचे मालवाहू बोइंग ७४७ विमान क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळावर उतरण्याच्या तयारीत होते. नियंत्रण कक्षातून सूचना आली : ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो.’ नियंत्रकाच्या मनात होते २,४०० फूट. वैमानिकाच्या कानी पडले ‘४०० फुटांपर्यंत खाली या’. ‘ओके, फोर झीरो झीरो’ असे प्रत्युत्तरही त्याने दिले. ते कोणी दुरुस्त केले नाही. थोड्याच वेळात विमान समुद्रसपाटीपासून सुमारे ४३७ फूट उंचीवर एका टेकडीला धडकले. विमानातील चौघेही जण ठार झाले.

इंग्रजीत ‘दोन’ या अंकाचा आणि ‘पर्यंत’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चार एकच, ‘टू’. हीच सूचना कागदावर लिहून दिली असती तर गफलत होण्याचे कारण नव्हते. रेडिओवर मात्र अंक विरघळून शब्द झाला आणि दोन हजार फूट हवेत नाहीसे झाले.

त्या अपघाताला इतरही कारणे होती, हे सांगणे न्यायाचे ठरेल. विमानातील चमूची पूर्वतयारी विस्कळीत होती आणि जमीन जवळ आल्याचा यांत्रिक इशारा वाजूनही दुर्लक्षित राहिला. पण पहिली ठिणगी पडली ती एका अंकाच्या उच्चारात. ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’ असे म्हटले असते तर ही गल्लत टळली असती, असे पुढे वारंवार नमूद केले गेले.

लिहिलेला अंक मोठ्याने कसा वाचायचा, हा प्रश्न वरवर पाहता बालवाडीतला वाटतो. प्रत्यक्षात त्याला काही शतकांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात पंडितांपेक्षा कारकून, शाळकरी मुले, टेलिफोन केंद्रातल्या मुली आणि वाणसामान विकणारे व्यापारी अधिक भेटतात. हा धागा त्यांच्याविषयी.

मुळात अंकाला आवाज नसतो. ‘8’ हे चिन्ह लंडनमध्ये ‘एट’, पॅरिसमध्ये ‘उइत’, बर्लिनमध्ये ‘आख्त’. चिन्ह एक, तोंडे अनेक. अक्षराचे तसे नाही. अक्षर कोणत्या तरी ध्वनीला बांधलेले असते. अंक थेट कल्पनेला बांधलेला असतो. म्हणूनच अंक भाषांच्या सीमा सहज ओलांडतात, आणि म्हणूनच ते उच्चारताना प्रत्येक भाषेला पदरचे काहीतरी घालावे लागते.

इंग्रजी किती पदरचे घालते, ते पाहण्याजोगे आहे. आठव्या हेन्रीचे नाव लिहिताना ‘हेन्री’पुढे फक्त रोमन आठ लिहितात. वाचताना मात्र ‘हेन्री द एट्थ’. त्यातला ‘द’ कागदावर नाही आणि क्रमवाचक ‘थ’ही नाही. दोन्ही वाचणाऱ्याने आणायचे. ‘£5’ लिहिताना पौंडाचे चिन्ह आधी आणि आकडा नंतर. बोलताना ‘फाइव्ह पाउंड्स’, म्हणजे आकडा आधी. डोळा एका दिशेने जातो, जीभ दुसऱ्या. (मराठीत ‘रु. ५’ लिहून ‘पाच रुपये’ म्हणणाऱ्यांना यात नवल वाटू नये.)

त्याहून गमतीची आहेत ती लॅटिनची भुते. वजनाचा पौंड इंग्रजीत ‘एलबी’ अशा दोन अक्षरांनी लिहितात, कारण लॅटिनमध्ये तो ‘लिब्रा’. वाचताना मात्र कोणी ‘लिब्रा’ म्हणत नाही, ‘पाउंड’च म्हणतात. नाण्यांच्या पौंडाचे चिन्हही त्याच ‘लिब्रा’च्या आद्याक्षरावर एक आडवी रेघ मारून तयार झाले. जुन्या पेनीची खूण होती ‘डी’, कारण रोमन नाणे ‘डिनॅरियस’. शिलिंगसाठी होता ‘एस’. तो शिलिंगचा समजला जातो, पण मूळचा ‘सॉलिडस’चा. इंग्लंडमधला दुकानदार शतकानुशतके लॅटिनमध्ये लिहीत होता आणि इंग्रजीत वाचत होता, आणि आपण दोन भाषा वापरतो आहोत याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

मजकुरात तर हे पावलोपावली आढळते. ‘म्हणजे’, ‘उदाहरणार्थ’, ‘अर्थात’ यांसाठी इंग्रजी लेखनात लॅटिन संक्षेप वापरतात आणि जुने शिस्तीचे वाचक ते मोठ्याने वाचताना थेट इंग्रजी शब्द उच्चारतात. ‘विझ’ असे दिसणारा संक्षेप ‘नेमली’ असा वाचण्याची रीत आहे. त्याच्या शेवटचे ‘झेड’ हे अक्षर मुळात ‘झेड’ नव्हतेच. मध्ययुगीन लेखनिकांची ती संक्षेप दाखवणारी खूण होती. छपाईच्या खिळ्यांमध्ये तशी खूण नव्हती, दिसायला जवळचे अक्षर ‘झेड’ होते, ते बसवले गेले.

अगदी उलट घडलेलेही एक उदाहरण आहे. जुन्या इंग्रजीत ‘थ’ या ध्वनीसाठी ‘थॉर्न’ नावाचे स्वतंत्र अक्षर होते. हस्तलेखनात त्याचा आकार बदलत बदलत ‘वाय’सारखा झाला, आणि छापणाऱ्यांनी ‘वाय’चाच खिळा वापरला. त्यामुळे ‘द’ हा शब्द ‘ये’सारखा दिसू लागला. वाचणारे जुने लोक ‘द’च म्हणत. नंतर अक्षर विस्मरणात गेले, आकार उरला, आणि आज इंग्लंडमधल्या जुनाट थाटाच्या खानावळींच्या पाट्या लोक खुशाल ‘यी ओल्ड’ अशा वाचतात. इंग्लंडमध्ये कधीही कोणी तसे बोलत नव्हते.

आता शाळेत जाऊ. ‘&’ हे चिन्ह लॅटिनमधील ‘एत’ म्हणजे ‘आणि’ या शब्दाच्या दोन अक्षरांची जोडणी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या रोमन हस्तलेखनातही ती जोडणी आढळते. इंग्लंडमधल्या शाळांतून हे चिन्ह मुळाक्षरांच्या शेवटी, ‘झेड’च्या नंतर शिकवले जाई, जणू सत्ताविसावे अक्षर.

मुळाक्षरे घोकताना एक अडचण येई. ‘ए’ हे अक्षरही आहे आणि ‘एक’ अशा अर्थाचा शब्दही. ‘आय’ हे अक्षरही आहे आणि ‘मी’ हा शब्दही. मग अशा अक्षरापुढे ‘पर से’ म्हणायचे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘स्वतःच’. ‘ए पर से ए’ म्हणजे स्वतःच शब्द असलेला ‘ए’. याच चालीवर घोकंपट्टीचा शेवट होई : ‘ॲण्ड, पर से ॲण्ड’. रोज सकाळी तेच ते म्हणणाऱ्या, सुट्टीच्या घंटेकडे कान लावलेल्या मुलांच्या तोंडी त्याचे काय होणार? ‘ॲम्परसॅण्ड’ झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा शब्द रुळला आणि पुढे शब्दकोशांत प्रतिष्ठित होऊन बसला. एका भाषेतल्या चिन्हाचे अधिकृत नाव मुलांच्या कंटाळ्यातून जन्मावे, यापेक्षा लोभस व्युत्पत्ती सापडणे कठीण.

पण चिन्हे आली कशासाठी? हाताचे श्रम वाचावेत म्हणून. याचा सर्वांत प्रांजळ पुरावा वेल्समधल्या टेन्बी गावच्या रॉबर्ट रेकॉर्ड या वैद्याने ठेवला आहे. १५५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द व्हेटस्टोन ऑफ विट’ या बीजगणिताच्या पुस्तकात त्याने ‘=’ हे चिन्ह प्रथम छापले. ‘च्या बरोबर आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा टाळण्यासाठी आपण एकाच लांबीच्या दोन समांतर रेघा वापरतो, कारण कोणत्याही दोन गोष्टी त्यांहून अधिक समान असू शकत नाहीत, असे कारण त्याने दिले. लॅटिन न येणाऱ्या सामान्य वाचकांसाठी गणित इंग्रजीत लिहिणारा हा माणूस पुढच्याच वर्षी, १५५८ साली, तुरुंगात मरण पावला.

रेकॉर्डच्या चिन्हाने हाताचे कष्ट वाचले, तोंडाचे नाही. आजही ‘2 + 2 = 4’ वाचताना कोणी ‘इक्वल्स’ म्हणतो, कोणी ‘इज इक्वल टू’, कोणी ‘मेक्स’, तर कोणी नुसते ‘इज’. व्याकरणाच्या दृष्टीने ‘दोन आणि दोन’ अनेकवचनी, म्हणून ‘आर’ म्हणणारेही आहेत. ज्या वाक्याच्या सत्याविषयी जगात कोणाचे दुमत नाही, ते वाचावे कसे याविषयी एकमत नाही.

त्याच पुस्तकात ‘झेन्झिझेन्झिझेन्झिक’ असा एक शब्द येतो. थट्टा नव्हे. वर्गाच्या वर्गाचा वर्ग, म्हणजे आठवा घात, असा त्याचा अर्थ. घात दाखवण्यासाठी आकड्याच्या डोक्यावर छोटा अंक लिहिण्याची पद्धत तेव्हा नव्हती, म्हणून प्रत्येक घाताला नाव लागे. १६३७ साली देकार्तच्या ‘ला जेओमेत्री’मुळे डोक्यावरचा छोटा अंक रूढ झाला आणि अशी नावे अनावश्यक ठरली. वर्ग आणि घन यांची नावे तेवढी वाचली. इंग्रजीत पुढच्या साऱ्या घातांना आता नुसता क्रमांक लावून बोलावतात.

शून्याची कथा याहून गुंतागुंतीची. संस्कृतातील ‘शून्य’चे अरबी भाषांतर ‘सिफ्र’, म्हणजे रिकामे. युरोपात या एकाच शब्दाच्या दोन वाटा झाल्या. लॅटिनमधल्या ‘झेफिरम’मधून इटालियन ‘झीरो’ निघाला, तर ‘सिफ्रा’मधून इंग्रजीत ‘सायफर’ आला. दोन्ही भावंडे इंग्रजीत पोहोचली, तेव्हा तिथे ‘नॉट’ हा ‘काही नाही’ या अर्थाचा देशी शब्द आधीच ठाण मांडून बसला होता.

परिणाम असा, की इंग्रज माणूस शून्याला प्रसंगानुसार वेगळ्या नावाने हाक मारतो. तापमान ‘झीरो’. फुटबॉलच्या सामन्यात ‘निल’. टेनिसमध्ये ‘लव्ह’. क्रिकेटच्या धावफलकावर ‘नॉट’, आणि फलंदाज त्यावर बाद झाला तर ‘डक’, म्हणजे मुळात बदकाचे अंडे. टेलिफोनच्या क्रमांकात ‘ओ’. जेम्स बाँड ‘डबल ओ सेव्हन’. काहीच नसण्याची इतकी नावे असलेली भाषा विरळाच.

यामागे एक बारीक कारण आहे, ते सहसा ध्यानात येत नाही. संख्या म्हणून वाचताना शून्य उच्चारावेच लागत नाही. ‘५०५’ म्हणजे ‘पाचशे पाच’. मधले शून्य कुठे गेले? इंग्रजीतही ‘फाइव्ह हंड्रेड अँड फाइव्ह’. बोललेल्या संख्येला शून्याची गरज नसते, कारण ‘शे’ आणि ‘हजार’ हे शब्दच जागा दाखवतात. शून्याला तोंडी नाव लागते ते अंक एकेक सुटा वाचायची वेळ आली की. खोलीचा क्रमांक, मोटारीचा क्रमांक, टेलिफोनचा क्रमांक : या साऱ्या संख्या दिसतात, पण त्या मोजत काहीच नाहीत. त्या नावे आहेत. आकड्यांच्या वेशातली नावे जशी वाढली, तसे शून्य रोजच्या बोलण्यात आले, आणि दिसायला ते ‘ओ’ अक्षरासारखे म्हणून ‘ओ’ झाले.

आता क्रमाचा प्रश्न. आजची इंग्रजी ‘ट्वेंटी फोर’ म्हणते : दशक आधी, एकक नंतर. जुनी इंग्रजी ‘चार आणि वीस’ म्हणत असे, जशी जर्मन आजही म्हणते. बदल हळूहळू झाला, कोणाच्या आदेशाने नव्हे. कित्येक शतके दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदल्या. जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांत वयाचा उल्लेख ‘सेव्हन अँड ट्वेंटी’ असा येतो. घड्याळाची वेळ ‘फाइव्ह अँड ट्वेंटी पास्ट’ अशी सांगणारे वृद्ध इंग्रज तर विसाव्या शतकातही होते.

तेरा ते एकोणीस मात्र मागेच राहिले. ‘थर्टीन’ म्हणजे तीन आणि दहा, एकक आधी. याचा जाच आजतागायत चालू आहे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ या दोहोंत कानाला फरक आहे तो शेवटच्या अनुनासिकाचा आणि आघाताचा. टेलिफोनवर तो सहज निसटतो. डॉक्टरने तोंडी सांगितलेली औषधाची मात्रा १५ मिलिग्रॅम की ५०? म्हणूनच औषधसुरक्षेच्या क्षेत्रातले जाणकार सांगतात की तोंडी सूचना घेताना संख्या म्हणावी आणि मग अंक सुटे करून पुन्हा म्हणावेत : ‘फिफ्टीन, वन फाइव्ह’. एककाला आधी बोलावण्याची हजार वर्षांपूर्वीची सवय आज परिचारिकेला दोनदा बोलायला लावते.

नॉर्वेने हा तिढा सरकारी पातळीवर सोडवायचे ठरवले. तिथेही ‘तीन आणि वीस’ असे म्हणण्याची रीत होती. टेलिफोनचे क्रमांक सांगताना ऐकणारा आधी एकक ऐके आणि लिहिताना दशक आधी लिही, चुका होत. अखेर जुलै १९५१पासून ‘वीस-तीन’ हा क्रम शाळांत आणि सरकारी व्यवहारात अधिकृत झाला. घरोघरी जुनी पद्धत त्यानंतरही दीर्घकाळ ऐकू येत राहिली. नियम एका दिवसात बदलतो. आजीची जीभ बदलत नाही.

मराठी वाचकाला इथे जून २०१९ आठवेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’, ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असे संख्यावाचन आले आणि महाराष्ट्रात विनोदांचा पूर आला. विधिमंडळातही त्यावर टोलेबाजी झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचा मुद्दा साधा होता : मूल ‘पंचवीस’ ऐकते, त्यात पाच आधी येतो, म्हणून ते ५२ लिहून बसते, शिवाय पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस ही रूपे एकेक करून पाठ करावी लागतात. ‘एकोणतीस’ तर आणखी पुढचे : तिसात एक उणा, असे वजाबाकीचे गणित त्या शब्दातच दडलेले.

ते विनोद मजेदार होते, यात शंका नाही. पण ज्या इंग्रजी माध्यमाची पालकांना एवढी ओढ, त्या इंग्रजीने हाच बदल कोणतीही समिती न नेमता तीन-चारशे वर्षांत पचवला होता, आणि नॉर्वेने तो कायद्याने केला होता, एवढे तरी त्या गदारोळात कोणी म्हणायला हवे होते. ‘पंचवीस’ जावा असे नव्हे. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदू शकतात, हे ऑस्टेनच्या इंग्लंडने दाखवून दिलेच आहे.

पुन्हा टेलिफोनकडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसाच्या आवाजातून चेहरा वजा झाला. समोरासमोर बोलताना ओठ दिसतात, बोटे दाखवता येतात. तारेवर फक्त खरखर. इंग्रजीतले ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ दोन्ही ‘आइ’ या स्वरावर उभे. व्यंजने पुसट झाली की दोहोंत भेद उरत नाही. म्हणून टेलिफोन केंद्रांतील मुलींना अंक ताणून, जवळजवळ गाऊन उच्चारण्याचे शिक्षण दिले जाई.

तो आवाज पुढे यंत्रात गेला. २४ जुलै १९३६ रोजी ब्रिटनमध्ये बोलते घड्याळ सुरू झाले. त्यासाठी टेलिफोन केंद्रातल्याच एथेल केन या तरुणीचा आवाज स्पर्धेतून निवडला गेला होता. तास, मिनिटे, सेकंद वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून काचेच्या तबकड्यांवर साठवले होते. यंत्र ते जोडून वेळ सांगे. मध्यरात्रीही, कोणी ऐकत नसतानाही. अंकांचा उच्चार माणसापासून सुटा झाला होता.

विमानांच्या रेडिओने हे सारे अधिक काटेकोर केले. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या उच्चारतक्त्यात इंग्रजी अंकांची नेहमीची रूपे बदललेली दिसतात. तीन म्हणजे ‘ट्री’, कारण ‘थ्री’तला ‘थ’ जगातल्या असंख्य भाषांत नाही. चार म्हणजे ‘फोवर’. पाच म्हणजे ‘फाइफ’, कारण ‘व्ह’ खरखरीत बुडतो. नऊ म्हणजे ‘नाइनर’, पाचापासून तो स्पष्ट वेगळा ऐकू यावा म्हणून. हजार म्हणजे ‘टाउजंड’. अस्सल इंग्रजाला ही भाषा बोबडी वाटेल. पण तिच्यात एक न्याय आहे : जन्माने इंग्रजी न बोलणाऱ्यांसाठी इंग्रजांनी आपली जीभ वाकवावी, असा हा इतिहासातला दुर्मीळ प्रसंग.

ब्रिटनच्या रेडिओसंभाषणाच्या नियमावलीत ‘टू’ या शब्दाचाही बंदोबस्त केलेला आहे. ‘फ्लाइट लेव्हल’ सांगताना ‘पर्यंत’ या अर्थाचा ‘टू’ वापरायचाच नाही. आणि फुटांतली उंची सांगताना तो वापरलाच, तर त्याच्यापुढे लगेच ‘अल्टिट्यूड’ किंवा ‘हाइट’ हा शब्द आला पाहिजे. थेट आकडा नाही. शब्द आणि अंक यांच्यात घातलेली ही भिंत आहे. सुबांगच्या त्या सूचनेत अशी भिंत नव्हती.

पैशांच्या उच्चारातही ब्रिटनने एक उलथापालथ पाहिली. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड या जुन्या हिशेबात ‘2/6’ असे लिहिले की ‘टू अँड सिक्स’ वाचत : दोन शिलिंग सहा पेन्स. मधली तिरपी रेघ शिलिंगच्या लांब ‘एस’चे झिजलेले रूप मानली जाते, मुद्रणशास्त्रात तिचे एक नाव आजही ‘सॉलिडस’ आहे. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रिटनने दशमान चलन स्वीकारले. जुन्या ‘डी’च्या जागी नवा ‘पी’ आला, आणि लोक ‘पेन्स’ म्हणण्याऐवजी नुसते ‘पी’ म्हणू लागले. जुन्या वळणाच्या मंडळींना ते फार खुपले. शतकानुशतके ‘डी’ लिहून ‘पेन्स’ वाचणाऱ्यांनी ‘पी’ पाहताच ‘पी’ वाचावे, हा बदल दिसतो त्याहून मोठा : चिन्ह जसे दिसते तसे वाचण्याचा काळ आला होता. (भारताने आपले ‘नवे पैसे’ १९५७मध्येच आणले होते, चौदा वर्षे आधी.)

‘बिलियन’ची गोष्ट थोडक्यात. ब्रिटनमध्ये बिलियन म्हणजे दशलक्ष दशलक्ष, अमेरिकेत हजार दशलक्ष. उच्चार तोच, किंमत हजारपटीने वेगळी. डिसेंबर १९७४मध्ये पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी सरकारी आकडेवारीत अमेरिकी अर्थच चालेल असे जाहीर केले आणि ब्रिटिश बिलियन सरकारी कागदांतून बाद झाला.

आता रोज बोटांखाली येणारी दोन चिन्हे. ‘#’ हे त्याच ‘एलबी’चे वंशज. घाईत लिहिताना दोन अक्षरांवरून आडवी रेघ ओढली जाई, आणि कालांतराने अक्षरे विरून केवळ उभ्या-आडव्या रेघा उरल्या. म्हणून अमेरिकेत त्याचे नाव ‘पाउंड’. ब्रिटनमध्ये ‘पाउंड साइन’ म्हणजे चलनाचे £, तेव्हा तिथे हे ‘हॅश’. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे चिन्ह टेलिफोनच्या बटणांवर आले, बेल प्रयोगशाळेतल्या मंडळींनी त्याला ‘ऑक्टोथॉर्प’ असे भारदस्त नाव दिले, आणि ते नाव फारसे कोणी घेतले नाही. २००७मध्ये क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर विषय एकत्र बांधण्यासाठी तेच सुचवले. रोमन ‘लिब्रा’ अशा रीतीने विषयसूचक झाली.

चिन्ह वाचायचे नसते असेही काही प्रसंग असतात, आणि त्याचा सर्वांत देखणा नमुना महाराष्ट्राच्या तलाठी कार्यालयात मिळतो. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून ‘७/१२’. मधल्या तिरप्या रेघेला इंग्रजीत ‘स्लॅश’, ‘स्ट्रोक’, ‘ऑब्लिक’ अशी किती तरी नावे. मराठी शेतकऱ्याने तिला एकही दिले नाही. ‘सातबारा’. संपले.

दुसरे चिन्ह ‘@’. फ्रान्चेस्को लापी या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने १५३६ साली लिहिलेल्या एका पत्रात ते दिसते. तिथे त्याचा अर्थ ‘ॲम्फोरा’ हे दारू मोजण्याचे माप. पुढे इंग्रजी व्यापारात ते दर दाखवू लागले : बारा नग, @ चार पेन्स. वाचताना ‘ॲट’, किंवा पूर्ण वाचायचे तर ‘ॲट द रेट ऑफ’. हिशेबापुरतेच ते टंकलेखन यंत्रांवर टिकले. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांना ईमेलच्या पत्त्यात माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव वेगळे करणारे, कोणाच्याही नावात न येणारे चिन्ह हवे होते. कळफलकावर हे जवळजवळ निरुद्योगी बसलेले होते.

इंग्लंड-अमेरिकेत ईमेलमधले ते नुसते ‘ॲट’ झाले. इटालियन त्याला गोगलगाय म्हणतात. भारतात मात्र वाणिज्य शाखेच्या वर्गांतून आणि दुकानांच्या बिलांतून आलेले जुने व्यापारी वाचन जसेच्या तसे टिकले : ‘ॲट द रेट’. पुण्याच्या मंडईत दोन रुपये नग या दराने लिंबे विकताना जे म्हटले जाते, तेच इथला माणूस आपला ईमेल पत्ता सांगताना म्हणतो; आणि दूरध्वनीच्या पलीकडे अमेरिकेत बसलेला कोणी कारकून पत्त्याच्या मधोमध ‘ॲट द रेट’ ही अक्षरे इमाने-इतबारे टंकत असतो.